नवव्या प्रकरणाचं निधन

पुस्तक रालित्साने मला पाठवलं नाही. मीही काही वाट बघत बसले नव्हते म्हणा. दुकानात जाऊन विकत घेतलं, पिशवीत टोमॅटोंवर ठेवलं आणि घरी येऊन ओट्यापाशी उभ्याउभ्याच उघडलं. मिरच्या भाजायला लावल्या होत्या. त्यांचा कोळसा झाला, धूर खिडकीबाहेर गेला, खालच्या मजल्यावरची बाई बोंबलली, तेव्हा कुठे मी मान वर केली.

बावीस पानांची प्रस्तावना! 'वेशीच्या किल्ल्या' हे पुस्तक सगळं मिळून नव्वद पानांचं, आणि त्याच्या दारात रालित्साबाई बावीस पानं आडव्या पसरून बसलेल्या. पहिल्याच पानावर त्यांनी सांगून टाकलं होतं की हा लेखक आज असता तर त्याने कोणत्या पक्षाला मत दिलं असतं. तीनशे वर्षांपूर्वी मेलेला इटालियन वकील, आणि या बाईंना त्याचं मत ठाऊक! पाचव्या पानावर आजच्या सरकारला झोडलं होतं, सातव्यावर शेजारच्या देशाला. मूळ लेखक काय म्हणतो ते मात्र तेरा पानं उलटली तरी कुठे दिसेना. आणि अकराव्या पानावर होते मी.

'पावलिना दोयनोवा नावाच्या एका आज्ञाधारक संपादिकेने माझ्या वडिलांच्या अनुवादाचं हृदय, म्हणजे नववं प्रकरण, कापून काढलं आणि उरलेल्या देहावर एकोणचाळीस पानं थुंकली. प्रस्तावनेच्या नावाखाली केलेली ती घाण आम्ही या आवृत्तीतून धुऊन काढली आहे. नववं प्रकरण मात्र कायमचं हरवलं. माझ्या वडिलांच्या भाषेला दुसऱ्या कोणाच्या भाषेचं ठिगळ लावायला मी तयार नाही.'

आणि नवव्या प्रकरणाच्या जागी एक पान, पूर्ण काळं. वरपासून खालपर्यंत नुसती शाई.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते जळालेलं भांडं मी नळाखाली असं आपटलं की त्याचा कान तुटला. हरवलं म्हणे! अगं बये, हरवलं कुठे? तू धुऊन काढलेल्या त्या घाणीतच तर होतं ते. शब्दन् शब्द. स्वल्पविरामासकट.

आता हे नीट सांगते, कारण चाळीस वर्षं मी ते कोणालाच सांगितलेलं नाही.

एकोणऐंशी साली मी इथे रूसेमध्येच सरकारी प्रकाशनात संपादिका होते. रालित्साचा बाप एव्तिम कानेव्ह शाळेत फ्रेंच शिकवायचा, आणि इटालियन त्याने हौसेने शिकलेलं. सहा वर्षं खपून त्याने 'वेशीच्या किल्ल्या' बल्गेरियनमध्ये आणलं होतं. आमचे मुख्य संपादक कॉम्रेड बोनेव्ह. त्यांनी हस्तलिखित चाळलं, नवव्या प्रकरणाची साडेतीन पानं उचलून स्वतःच्या कपाटात टाकली आणि कपाटाला कुलूप लावलं. मग मला म्हणाले, "बाकीचं जाऊ दे छापायला. पण दोयनोवा, पुढे प्रस्तावना खणखणीत पाहिजे. वाचकाला पुस्तक उघडायच्या आधीच कळलं पाहिजे की हा माणूस चूक आहे."

तेव्हा रीतच होती तशी. ज्याचं पुस्तक छापायचं त्याला आधी दारात उभं करून शिव्या घालायच्या, मग आत घ्यायचं.

त्या संध्याकाळी मी एव्तिमच्या स्वयंपाकघरात बसले होते. त्याने रकिया ओतली, पण प्यायला मात्र नाही. ही रालित्सा तेव्हा सहा वर्षांची. टेबलाखाली बसून प्रुफांच्या पाठीवर कोंबड्या काढत होती.

"नको छापायला," एव्तिम म्हणाला. "नववं नाही तर काहीच नाही. बाकीचं सगळं पुस्तक त्या एका प्रकरणापर्यंत चालत येतं. तिथेच पाय तोडले तर उरलं काय?"

"कार्बन प्रत आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. काय करतेस तिचं? लोणचं घालतेस?"

"मला सांग, एखाद्याला शिव्या द्यायच्या तर तो काय बोलला ते आधी दाखवायला नको?"

मग त्याला समजलं, आणि तो असा हसला की टेबलाखालून रालित्सा ओरडली, "बाबा, हलवू नका ना!"

मी ते नववं प्रकरण अकरा तुकड्यांत तोडलं आणि अकराच्या अकरा माझ्या प्रस्तावनेत घातले, अवतरणचिन्हांत. 'पाहा वाचकहो, हा व्यापाऱ्यांचा हुजऱ्या किती निर्लज्जपणे लिहितो,' असं म्हणायचं आणि खाली त्याचा अख्खा परिच्छेद द्यायचा. मग दीड पान शिव्या. मग, 'पण याची मजल इथेच थांबत नाही,' आणि लगेच पुढचा परिच्छेद. शिव्या सोडून नुसती अवतरणं वाचत गेलं की नववं प्रकरण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सरळ हाती यायचं. कपाटातली पानं बोनेव्हनी वाचलीच नव्हती, नुसतं मथळ्यावरून उचलली होती. माझ्या प्रस्तावनेतल्या शिव्या तेवढ्या त्यांनी वाचल्या आणि खूश होऊन मला वर्धापनदिनी फुलं दिली. लाल कार्नेशन. मी ती घरी नेऊन शेळीला घातली. तेव्हा आईकडे शेळी होती.

पाच हजार प्रती निघाल्या. ग्रंथालयातल्या प्रतीत मी पुढे बघत असे, त्या अकरा जागांशी पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. कोणाच्या, देव जाणे. कोणी कधी तोंडाने बोललं नाही. मीही नाही. आणि हेही सांगते, कारण अर्धंच सांगायला मी काही रालित्सा नाही: एकदा मंडईत एक शिक्षिका मला म्हणाली, "तुमची प्रस्तावना इतकी पटली, की पुस्तक वाचायची गरजच पडली नाही." काकड्यांच्या ढिगापाशी उभी होते मी. आजही ते आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. एकोणचाळीस पानं विष कालवलंस ना पावलिना, मग कोणी ते प्यायलं तर रडतेस कशाला?

एव्तिम अठ्ठ्याऐंशीत गेला. पुढच्या वर्षी कम्युनिस्टांची राजवट कोसळली, सगळं उलटंपालटं झालं. बोनेव्हचं कपाट फोडलं, कागद कुठल्या कुठे गेले. एव्तिमची कार्बन प्रत तर मी कधीच जाळली होती, तेव्हा ठेवायची सोय नव्हती. आणि मग गावात एकाएकी इतके छुपे वीर उगवले की विचारू नका. जो तो सांगत सुटला, मी आतून विरोधात होतो, मी अमुक लपवलं, मी तमुक वाचवलं. बोनेव्हसुद्धा! त्या रांगेत उभं राहायची मला शिसारी आली. म्हटलं, पुस्तक आहे, ज्याला डोळे आहेत तो वाचेल. लोकांनी रस्त्यात मान फिरवली, मी फिरवू दिली. एव्तिमच्या बायकोनेसुद्धा फिरवली. तिला त्याने काही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असंच आमचं ठरलेलं होतं.

ज्याला डोळे आहेत तो वाचेल! आणि त्याच्याच मुलीने न वाचता टाकून दिलं.

शनिवारी ग्रंथालयात प्रकाशनाचा समारंभ होता. मी माझी पिवळी पडलेली जुनी प्रत पिशवीत घालून गेले. पन्नासेक माणसं, पुढे टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि नव्या प्रतींची चळत. रालित्सा आता सेहेचाळीसची, सोफियात प्रकाशन चालवते, बापासारखी उंच. बोलली छान, हो. काळं पान वर धरून तिने एक मिनिट शांतता पाळायला लावली. लोक उभे राहिले. मी नाही राहिले. जिवंत माणसासाठी कोण शांतता पाळतं?

"कोणाला काही विचारायचं आहे?" तिने विचारलं तशी मी उठले.

"मी पावलिना दोयनोवा."

खुर्च्या करकरल्या. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"तुमची हिंमत दांडगी आहे मावशी," रालित्सा म्हणाली. "मावशी" तिने असं म्हटलं, जसं कोणी ताटातला केस उचलून दाखवतं.

"मला एकच विचारायचंय. माझी ती प्रस्तावना तू वाचलीस का?"

"असली घाण मी वाचत नाही."

"वाचली नाहीस, मग घाण आहे हे कसं कळलं?"

"घरात सगळ्यांना माहीत होतं. आई ते पुस्तक कपाटात पाठमोरं ठेवायची."

"अगं, पण तू प्रकाशक ना? की पुस्तकं पाठमोरी ठेवूनच छापतेस?"

दोघंतिघं हसले. तिचे कान लाल झाले. अगदी एव्तिमसारखे, वरून खाली. मला वाटलं, आता ऐकेल. मी प्रत उघडून पुढे गेले. म्हटलं, "हे बघ, पान एकोणीस. इथून वाच. माझं सोड, माझ्या शिव्यांवर हात ठेव आणि फक्त..."

"मला तुमची सही नकोय," ती माइकमध्ये म्हणाली.

टाळ्या पडल्या. टाळ्या! एका बाईने माझा दंड धरून म्हटलं, "बसा आजी, तब्येत सांभाळा." माइक दुसऱ्याकडे गेला, त्या माणसाने महापौराबद्दल काहीतरी विचारलं आणि सगळे त्यात रमले. मी पिवळी प्रत छातीशी धरून जिना उतरले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वयाचं नव्हे, संतापाचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बोनेव्हनी वाचलं नाही म्हणून ते प्रकरण वाचलं. आज हिने वाचलं नाही म्हणून मेलं. मग या दोघांत फरक तो काय? प्रस्तावना तीच, फक्त शिव्या कोणाला द्यायच्या तेवढं बदललं.

मेलं, हा शब्द मनात आला आणि मी फुटपाथवर थांबले. समोरच्या विजेच्या खांबावर सहा जणांची निधनपत्रकं चिकटवलेली होती.

आमच्या गावात माणूस गेला की काळ्या चौकटीचा कागद छापतात आणि दारावर, खांबावर, बसथांब्यावर, तो जिथे जिथे जात असे तिथे चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा. त्यावर पाऊस पडतो, ऊन पडतं, पण हाताने कोणी फाडत नाही. निवडणुकीची पोस्टरं तासाभरात फाडतात, नाचगाण्याच्या जाहिराती फाडतात, पण निधनपत्रकाला हात लावायची या गावात कोणाची छाती नाही.

सोमवारी सकाळी मी झेल्याझ्कोच्या दुकानात गेले. शवपेट्या, मेणबत्त्या, कृत्रिम फुलं आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. माझ्या नवऱ्याचा कागद त्यानेच छापला होता.

"अरेरे," मला बघून तो उठला. "कोण गेलं?"

"नववं प्रकरण."

"आडनाव?"

"आडनाव कसलं, झेल्याझ्को! पुस्तकाचं प्रकरण."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "पावलिनाताई, बसा. पाणी देऊ?"

"पाणी नको, कागद दे. मोठा, दुप्पट. मजकूर बराच आहे."

मी पिवळी प्रत पुढे ठेवली आणि अकरा तुकडे वाचत गेले, तो टंकत गेला. सुरुवातीला पुटपुटत होता, गिऱ्हाइकं येतील, दळिदरी धंदा आहे, वगैरे. चौथ्या तुकड्यापाशी त्याने खुर्ची पुढे ओढली. सातव्यापाशी म्हणाला, "थांबा जरा. हे पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. 'ज्या दिवशी गावाने किल्ल्या दिल्या, त्या दिवशी कोणी मेलं नाही, म्हणून कोणाला काही झालंसं वाटलं नाही. वेस तीच, कुलूप तेच, रात्री ते तसंच लागलं. पुढे एक माणूस उठला आणि विचारू लागला, हे कुलूप आतून आहे की बाहेरून? त्याला राजाचे शिपाई आले नाहीत. त्याचे शेजारीच म्हणाले, बस खाली, वारा येतो.'

"हे कधीचं?" झेल्याझ्कोने विचारलं.

"तीनशे वर्षांपूर्वीचं."

"हॅट. माझ्याच सोसायटीतलं वाटतंय." मग तो कामाला लागला. "वर काय घालू? क्रॉस की पक्षाचा तारा? तारे कोणी मागत नाही हल्ली, पण आहेत माझ्याकडे."

"काही नको."

"निदान दोन ओळी तरी घाला, लोकांना कळायला. की हे काय आहे, कशासाठी..."

"एक ओळ नाही!" मी इतकी ओरडले की बाहेर उभी बाई आत डोकावली. "वर काही घातलं की झाली प्रस्तावना. लोकांना अक्षरं वाचता येतात."

शेवटी असं छापलं: वर 'वेशीच्या किल्ल्या, प्रकरण नववं. अनुवाद एव्तिम कानेव्ह.' मग मजकूर. तळाशी, 'निधन १४ सप्टेंबर, नव्या आवृत्तीत. शोकाकुल: वाचक.' तीस कागद. माझं नाव कुठेच नाही.

मी बादलीत खळ कालवली आणि दिवसभर हिंडले. ग्रंथालयाचं दार. एव्तिमची शाळा. बसथांबे. मंडई, काकड्यांच्या गाळ्याशेजारी, ते मुद्दाम. रालित्साच्या आईच्या इमारतीचं दार, जिथे अजून तिच्या आईचा वर्षाचा कागद होता. त्याला लागून लावला, वर नाही. गुडघे बोलू लागले, पण तीस संपवले.

दुसऱ्या दिवशी मंडईत चार बायका पिशव्या खाली ठेवून वाचत होत्या. एकीने सवयीने क्रॉसची खूण केली. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"हा काय तमाशा आहे?" रालित्सा सोफियातून ओरडत होती. "माझ्या पुस्तकाचं निधन? मी पोलिसांत जाईन! ग्रंथालयाला सांगून मी ते काढायला लावते!"

"लाव. कोण काढतंय ते मला बघायचंय."

"माझ्या वडिलांचं नाव वापरायचा तुम्हाला काही हक्क नाही!"

"कागद वाचलास?"

"मला लोकांनी सांगितलं त्यात काय..."

"लोकांनी सांगितलं! तुला सगळं लोकच सांगतात. अगं, टेबलाखाली कोंबड्या काढत होतीस तू, मी तुझ्या बापाबरोबर तिथे बसून ते अकरा तुकडे पाडले! गाडीत बस, इथे ये, दारासमोर उभी राहा आणि वाच. आधी वाच. मग माझ्याशी बोल." आणि मी फोन आपटला.

तिचा फोन परत आला नाही. आठवडा गेला, तीन आठवडे गेले. पोलीस आले नाहीत. ती आली की नाही, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही कोणाला. पावसाने कागद फुगले, अक्षरं उतरली, पण फाडला कोणी नाही. राग मात्र माझा तसूभर कमी झाला नाही. उलट हिवाळ्याच्या बरण्या भरताना प्रत्येक झाकण रालित्साचं डोकं समजून आवळलं.

चाळिसावा दिवस आला. रीत म्हणजे रीत. झेल्याझ्कोकडून मी नवे तीस कागद आदल्या दिवशीच आणले होते. तो देताना जरा चाचरला, काही बोलणार होता, पण बोलला नाही. सकाळी बादली घेऊन निघाले, पहिल्यांदा ग्रंथालयाकडे.

दारावर कागद होता. माझा जुना, धुपलेला, आणि त्याच्या शेजारी एक नवा कोरा. तीच काळी चौकट. वर नाव, खाली मजकूर, अकराच्या अकरा तुकडे सलग, मध्ये कोणाचा शब्द नाही. मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तपासला, जुनी खोड आहे. एक चूक नव्हती. सातव्या तुकड्यातला तो स्वल्पविराम, जो एव्तिम आणि मी अर्धा तास भांडून ठेवला होता, तोही जागेवर होता.

तळाशी लिहिलं होतं, 'शोकाकुल: मुलगी, जिने वाचलं नाही.'

मी बादली खाली ठेवली. माझे कागद पिशवीतच राहिले. बसथांब्यावर पाहिलं, तिथेही तिचाच होता. शाळेच्या दारावर, मंडईत, आणि तिच्या आईच्या दारावर दोन्ही कागदांना लागून तिसरा. तिने सगळीकडे लावले होते.

क्षमा बिमा मी केलेली नाही, ते कोणी गृहीत धरू नये. बावीस पानं अजून दुकानात आहेत, काळं पान आहे, आणि अकराव्या पानावर मी आहे. पुढच्या आवृत्तीचं ती काय करते ते बघेन आणि मग ठरवेन.

पण पोरीला खळ लावता येत नाही. ग्रंथालयाच्या दारावरच्या कागदाचे खालचे दोन्ही कोपरे वाऱ्याने उचलले गेले होते. मी परत गेले, ब्रश काढला आणि ते कोपरे नीट चिकटवले.